गोठ्यातील ऊर्जा : ऊन आणि शेण

गोठ्यातील ऊर्जेचा प्रश्न हा मुळात वेळेचा प्रश्न आहे. धार काढतात पहाटे आणि सायंकाळी. सौरपॅनेल सर्वाधिक वीज देतात ती भर दुपारी. धारोष्ण दूध वेळेत ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाले नाही, तर जिवाणू झपाट्याने वाढून ते नासते आणि दिवसाचे कष्ट वाया जातात.

येथे बायोगॅस उपयोगी पडतो. शेण व पाणी समप्रमाणात कालवून बंद टाकीत सोडले, की हवेविना जगणारे जिवाणू त्यापासून मिथेनयुक्त वायू तयार करतात. १ किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर वायू मिळतो. तो साठवता येतो; म्हणून मोठ्या गोठ्यात अंधार पडल्यावरही त्यावर जनित्र चालवून दूध थंड ठेवता येते. चार-पाच जनावरांच्या गोठ्यात मात्र तो शेगडीपुरताच पुरतो.

थंडीत जिवाणू मंदावतात व वायू घटतो. तेव्हा सौरबंबातील कोमट पाण्यात शेण कालवल्यास टाकीची ऊब टिकण्यास मदत होते. म्हणजेच रात्री शेण उन्हाची उणीव भरून काढते, तर हिवाळ्यात ऊन शेणाला हात देते.

आपल्या परिसरातील एखाद्या गोठ्यात वीज नेमकी कोणत्या वेळी लागते, याची नोंद करा.