तारीख कोण ठरवतं?

कोर्टाच्या आवारात सर्वांत जास्त कानावर पडणारा शब्द म्हणजे 'तारीख'. वाटणीचा दावा लावलेला भाऊ पहाटेची एसटी धरून तालुक्याला येतो, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसतो आणि पुढची तारीख घेऊन घरी परततो. ही तारीख देतं कोण? सही न्यायाधीशांची असते. पण पुष्कळदा ती वकिलांच्या मुदतीच्या अर्जावरच ठरलेली असते.

दिवाणी तंटा हा खासगी माणसांमधला. दावा लावायचा की नाही, काय मागायचं, कोणते साक्षीदार आणायचे, मध्येच तडजोड करायची का, हे पक्षकारांनीच ठरवायचं. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता याच विचारावर उभी आहे, आणि ते योग्यच आहे. घरच्या भांडणात सरकारने आपणहून नाक खुपसावं, असं कोणाला वाटेल? पण भांडण आमचं म्हणून कोर्टाचा वेळही आमचाच, हे काही खरं नाही. कोर्टाचा खर्च सर्वांच्या करांतून चालतो आणि एका दाव्यात वाया गेलेला दिवस रांगेतल्या दुसऱ्या कोणाचा तरी असतो. शिवाय विलंब दोघांना सारखा जाचत नाही. जमीन ज्याच्या ताब्यात, त्याला कसली घाई?

म्हणून, वकिलांचा विरोध असतानाही, 1 जुलै 2002 पासून संहितेतल्या दुरुस्त्या लागू झाल्या. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायची. सुनावणी सुरू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. मात्र 2005 मध्ये 'कैलास विरुद्ध नन्हकू' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपवाद म्हणून 90 दिवसांनंतरही कैफियत घेता येईल. एखाद्याचं म्हणणं न ऐकताच निकाल लागू नये, हा हेतू चांगला. पण अपवादाची पायवाट रुळायला वेळ लागत नाही.

पुढे 2015 च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती ही वाट बंद केली. तिथे 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच संपतो. वाटणीच्या दाव्याला मात्र जुनीच ढिलाई.

मला सर्वांत समंजस वाटते ती 2010 च्या 'ॲफकॉन्स' निकालाने आखलेली रेषा. कलम 89 खाली न्यायाधीश पक्षकारांना संमती नसतानाही मध्यस्थाकडे धाडू शकतात. लवादाकडे मात्र दोघांच्या संमतीशिवाय नाही. कारण लवादाचा निर्णय बांधून टाकतो. मध्यस्थासमोर भावांना एका टेबलाशी बसवता येतं, सही करायला लावता येत नाही. नाही पटलं तर उठून यावं. दावा जिथे होता तिथून पुढे चालतो.