तिरप्या उन्हातली शिरांची जाळी

पानांच्या जीवाश्मांसाठी शेल हा थरांचा खडक फोडताना हातोडा जोरात मारायचा नसतो. ढेकूळ कडेवर उभं धरायचं, थराची रेघ कुठून जाते ते बघायचं, तिच्यावर छिन्नी टेकवायची आणि हलक्या टोल्यांनी ती कडेकडेनं फिरवत न्यायची. जिथे पानं साचली तिथे थर एकमेकांना घट्ट धरत नाहीत, म्हणून खडक बहुतेक वेळा पानाच्याच पातळीवर उघडतो. उघडलेल्या दोन्ही फळ्या जपून ठेवायच्या. एकीवर मध्यशीर उठावाची दिसते, तर दुसरीवर तिची खाच. पानाची वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे ठरवायला पुढे दोन्ही लागतात.

वर्धा खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणीत परवानगी काढून, हेल्मेट घालून, खाणीतल्या माणसाच्या सोबतीनं हे काम चालतं. कोळशातच पानं शोधावीत असं नवख्याला वाटतं, पण कोळशात वनस्पती इतक्या दबून एकजीव झालेल्या असतात की डोळ्यांना ओळखण्याजोगं फारसं काही उरत नाही. पाहायचा असतो तो सीमच्या, म्हणजे कोळशाच्या थराच्या, वरचा करडा शेल. दलदलीवर पुराचा बारीक गाळ पसरला, त्यात पानं अलगद झाकली गेली, तो हा थर.

कोळशाचं युग म्हटलं की पाठ्यपुस्तकांत युरोपातलं कार्बॉनिफेरस येतं, लेपिडोडेंड्रॉनच्या खवलेदार खोडांचं. आपला गोंडवन खडकांतला कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. भारताचा जवळजवळ सगळा कोळसा याच खडकांतून येतो. त्याआधी इथे बर्फ होता. चंद्रपूर भागात पैनगंगेकाठी इरईजवळ हिमनदीनं घासून चरे पाडलेला चुनखडक आहे. बर्फ हटल्यावर जी जंगलं उभी राहिली, त्यांत राज्य होतं ग्लॉसोप्टेरिसचं. ही झाडं ऋतूनुसार पानं गाळत असावीत. काही फळ्यांवर पानांवर पानं इतकी दाट पडलेली असतात की एकाची कडा दुसऱ्यापासून सोडवायला भिंग घेऊन बसावं लागतं.

ओळख पटते ती शिरांवरून. भर दुपारी फळी सपाट, मुकी दिसते. तीच सकाळच्या तिरप्या उन्हात धरून हळूहळू फिरवली की शिरांच्या सावल्या पडतात आणि जाळी वर येते. पिंपळाच्या वाळक्या पानाची जाळी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात जाड शिरेतून बारीक, बारकीतून आणखी बारीक शिरा फुटतात आणि काही मध्येच थांबतात. ग्लॉसोप्टेरिसमध्ये तसं नाही. मध्यशिरेतून निघालेल्या साधारण सारख्याच जाडीच्या शिरा तिरक्या कडेकडे जातात, वाटेत दुभंगतात, शेजारणीला मिळतात, पुन्हा सुटतात. त्यातून लांबट घरं तयार होतात. मध्यशिरेजवळ ती मोठी असतात, कडेला अरुंद. जाळी आहे पण ठळक मध्यशीर नाही, तर ते गँगामॉप्टेरिस. तालचीर आणि करहरबारी या खालच्या थरांत त्याचं प्रमाण जास्त. वर बाराकर आणि कामठीच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस पसरत जातं.

म्हणूनच ढिगाऱ्यावर मिळालेल्या सुंदर पानापेक्षा जागच्या थरातलं तुटकं पान मला जास्त मोलाचं वाटतं. डंपर ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढलेला खडक, ओतून जातो तेव्हा पान वाचू शकतं, पण ते कोणत्या सीमच्या किती वर होतं, ही माहिती कायमची जाते. ढिगारा शिकण्यासाठी उत्तम. त्यावरून थराचं वय ठरवू नये. नमुना पिशवीत टाकण्याआधी त्यावर क्रमांक, वहीत तोच क्रमांक, थराचं रेखाटन आणि अंतर मोजून लिहिणं, हे फोडण्याइतकंच महत्त्वाचं काम. उन्हात जीव कासावीस होतो तेव्हाही ते टाळता येत नाही.

या भागातल्या संग्रहाची परंपरा जुनी आहे. नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आसपासच्या खडकांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि चार्ल्स बन्बरी यांनी १८६१ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनं शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही ग्लॉसोप्टेरिसचीच पानं होती. नागपूरजवळचं पान आणि अंटार्क्टिकातलं पान एकाच वंशाचं, हा दोन्ही भूखंड एकत्र होते याचा मोठा पुरावा.

घरी आणलेला शेल धुवायचा नाही. पाण्यानं मातकट थर सुटतो. मऊ ब्रश पुरतो आणि अल्कोहोलचा हात फिरवला की काळसर पान क्षणभर ठळक होतं. पानावर कोळशाचा पापुद्रा शिल्लक असेल तर प्रयोगशाळेत तो सोडवून नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटच्या मिश्रणात ठेवतात, नंतर सौम्य अल्कलीत. उरतं ते पारदर्शक क्यूटिकल, म्हणजे पानाचं बाहेरचं पातळ आवरण. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर पेशींच्या कडा आणि पर्णरंध्रं दिसतात. कामठीच्या लोहमय, तांबूस खडकांत मात्र बहुधा नुसता ठसा असतो, त्यामुळे तिथे शिरांवरच भागवावं लागतं.

आणि शिरा जातीपर्यंत नेतीलच असं नाही. एकाच झाडाची कोवळी, जून, लहान, मोठी पानं वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदली गेली असण्याची शक्यता नेहमीच राहते. के. आर. सुरंगे आणि शैला चंद्रा यांनी १९७९ मध्ये भारतीय जातींचा सविस्तर फेरआढावा घेतला, यावरूनच गुंता लक्षात यावा. शिवाय ग्लॉसोप्टेरिस हे पानाचं नाव. त्याच झाडाच्या मुळाचं नाव वेगळं, व्हर्टेब्रारिया. त्यात मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघांनी पडलेले चौकोनी कप्पे दिसतात. ती मुळं थर भेदून उभी गेलेली असतील तर झाड तिथेच वाढलं. पानांसोबत आडवी पडलेली असतील तर पाण्यानं आणून टाकली. बीज धरणारे अवयव तर बहुतेक सुटेच सापडतात. दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये ते पानाला जोडलेले दाखवले तेव्हा ही वनस्पती नेचा नसून बीजधारी आहे, या मताला भक्कम आधार मिळाला.

त्यामुळे एकाच फळीवर बोटभर अंतरावर पान आणि बीज पडलेलं दिसलं, तरी ती एकाच झाडाची असं मी लिहीत नाही. दोघांमधला देठ दिसतो का, ते आधी भिंगातून पाहते. नसला तर फळी एक, पण नोंदी दोन. पानापुढे लिहायचं, ‘ग्लॉसोप्टेरिस, जात अनिश्चित’. बीजापुढे, ‘सुटं बीज, पानाशी जोड दिसत नाही’.