न दुखणारा चट्टा

पिंपळगाव बसवंत परिसरात दसऱ्याच्या मागेपुढे द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावणारे मजूर, बोर्डो फवारणारे शेतकरी, बांधावरचं गाजर गवत उपटणाऱ्या बाया यांच्या हातामानेवर काही ना काही उठतंच. खाज सुटली तर माणूस मलम लावून कामाला लागतो. पण न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा दिसला की झोप उडते. मनात आलेलं कुष्ठरोगाचं नाव घरात कोणी तोंडातून काढत नाही.

ही भीती निराधार म्हणता येत नाही. आपल्या समाजाने या रुग्णांना गावाबाहेर काढलं, म्हणून तर १९४९ मध्ये बाबा आमट्यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावं लागलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, तेही २०१९ पर्यंत. लोक रोगाइतकेच, किंबहुना जास्तच, त्यापायी होणाऱ्या बेअब्रूला घाबरतात.

रोगाचं वैद्यकीय चित्र मात्र केव्हाच पालटलं आहे. त्याचा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि बहुतेकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. हात मिळवल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने तो जडत नाही. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. नुकसान होतं ते लपवण्याने. नसा एकदा निकामी झाल्या की बोटं वाकडी होतात, आणि गेलेली संवेदना गोळ्यांनी परत येईलच असं नाही.

मग हा डाग कशाचा?

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर असतो. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श करतात, नसा जाड झाल्या आहेत का हे चाचपतात. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून घरी सुई टोचून निकाल लावू नये.

बहुतेक डाग निराळेच निघतात. छातीपाठीवरचे बारीक कोंडा सुटणारे ठिपके म्हणजे शिबं. घामट त्वचेवर वाढणारी ती साधी बुरशी. मुलांच्या गालांवरचे फिकट डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात, जंतांचे नव्हेत. दुधासारखा पांढरा डाग कोडाचा असू शकतो. त्यात रंगपेशी नाहीशा होतात, पण संवेदना राहते आणि ते कोणाला लागत नाही. कडेने पसरणारं, खाजणारं वर्तुळ म्हणजे गजकर्ण. पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यात त्वचा जाड होऊन खाजत असेल, तर गाजर गवतावर संशय घ्यावा. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलेल्या या तणाने असंख्य शेतकऱ्यांना त्वचारोग दिला आहे.

मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइडचं मलम यातल्या कशावरही लावू नये. लाली तात्पुरती उतरते, बुरशी मात्र आतून पसरते आणि डॉक्टरांना खूण ओळखता येत नाही. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशा १४ मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली.

डाग निघाला साधा, तरी धास्ती जात नसेल तर?

काहींचा तपास स्वच्छ येतो, तरी ते दिवसभर आरशात डाग न्याहाळतात, बोटाने दाबतात, मोबाइलवर फोटो ताडून पाहतात. प्रत्येक वेळी घटकाभर दिलासा मिळतो आणि शंका पुन्हा उभी राहते. चोळून चोळून त्वचा लाल होते, मग ती लालीच नवा पुरावा वाटू लागते. हे नाटक नव्हे, ही आजारपणाची चिंता आहे आणि समुपदेशनाने ती आटोक्यात येते. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

घरच्यांनी ‘काही नाही झालं’ म्हणून विषय मिटवू नये आणि जेवणाचं ताट वेगळं करण्याचा विचारही मनात आणू नये. सोबत जाऊन डाग एकदा नीट दाखवावा. कुष्ठरोग निघाला तर उपचार आहे, नाही निघाला तर उत्तर मिळालेलं आहे. दोन्ही वेळा त्या माणसाचं घरातलं स्थान तसंच राहिलं पाहिजे.