पेज, तांब्या आणि टोपी

दर वर्षी १६ जानेवारीला जासईत माणसे जमतात. १९८४ सालच्या जमिनीच्या लढ्यात जे हुतात्मे झाले, त्यांना मान द्यायला जमतात. अशा जागी जाताना टोपी स्वच्छ आणि ताठ असावी, असे आपल्याला वाटतेच. पण परीट लांब, आणि वीज गेली तर घरची इस्त्री थंड. मग काय करायचं? चुलीपाशी बघा. सगळे सामान तिथेच आहे.

पहिले सामान म्हणजे भाताची पेज. तांदळात पिठूळ कण असतात. गरम पाण्यात ते फुगतात आणि त्यांचा चीक होतो. हा चीक सुताच्या धाग्यांवर बसतो. तो वाळला की कापड ताठ होते. यालाच खळ म्हणतात. कच्चे पीठ थंड पाण्यात कालवून ही खळ होत नाही. वाळल्यावर नुसती पांढरी भुकटी झडते.

पेज मात्र बिनमिठाची हवी, बरं का! मीठ हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात मिठाचे मडके कसे पाझरते, ते मिठागराशेजारच्या माणसाला काय सांगायचे? खारट पेजेची टोपी तशीच ओलसर होऊन लोळते.

पेज फडक्यातून गाळा. एक वाटी दाट पेजेला दोन वाट्या पाणी घाला. नीळ घालायची तर पेजेत आधी नीट ढवळा, नाहीतर टोपीवर निळे डाग पडतील. धुतलेली टोपी त्यात बुडवा आणि हलकी पिळा. पीळ घालू नका.

आता टोपी आकाराला आणायची. एक सुतळी डोक्याभोवती फिरवून माप घ्या. तेवढ्याच घेराचा डबा शोधा. डब्याला गंज असेल तर त्यावर स्वच्छ फडके गुंडाळा. टोपी त्यावर चढवून कड सारखी करा आणि सावलीत ठेवा. पूर्ण वाळू देऊ नका. हाताला गार लागते तोवरच काढा आणि घडी घाला.

इस्त्रीला सपाट बुडाचा पितळी तांब्या घ्या. पाणी प्यायचा कल्हईचा तांब्या घेऊ नका. निखाऱ्यांनी कल्हई वितळते आणि भांडे फुकट जाते. तांब्या निखाऱ्यांनी अर्धाच भरा आणि जाड फडक्याने धरा. पाटावर घोंगडी, घोंगडीवर धोतराचे जुने पान, त्यावर टोपी. आधी चिंधीवर फिरवून बघा. चिंधी पिवळी पडली तर थांबा. टेरिकॉटच्या टोपीला हा तांब्या लावूच नका, ती वितळेल.

हे काम ओटीवर करा. बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. माणूस झोपल्याजागी मरतो. टोपीपायी असे होऊ नये. निखाऱ्यांची भीती वाटली तर तांब्यात उकळते पाणी भरा. घडी तेवढी कडक बसत नाही, पण चालते.

काळी लोकरीची टोपी मात्र वेगळी. ती विणलेली नसते. लोकर ओली करून, दाबून, चोळून एकमेकींत गुंतवलेली असते. तिला पेज नको, तांब्याही नको. गरम पाण्यात चोळली तर ती आटते. तिची कड वाकडी झाली असेल तर पातेल्याच्या वाफेवर धरा. मऊ झाली की डब्यावर चढवा, बोटांनी कड बसवा, सुतळी बांधा आणि पूर्ण गार होऊ द्या. घाई करून सोडली तर कड पुन्हा वाकते. काठवाली हॅट असली तरी रीत हीच. तिथे काठ लाटण्याभोवती वळवायचा, एवढेच.

पावसाळ्यात पांढरी टोपी पेटीत ठेवायची असेल तर आधी खळ धुऊन काढा. झुरळांना आणि कसरीला खळ फार आवडते. साधी धुऊन, कडकडीत वाळवून ठेवा. गणपतीच्या आधी पुन्हा पेज द्या.