परीट आले, पाणी हटेना

2025 च्या पावसाने आमचं पक्ष्यांचं वेळापत्रक पार विस्कटून टाकलं. मे महिन्यातच हजर झालेला पाऊस दिवाळी उलटली तरी रेंगाळत होता. एरवी ऑक्टोबरच्या उन्हाला शिव्या घालणारे आम्ही सात-आठ जण त्याच उन्हाची वाट पाहत, दुर्बिणी रेनकोटाखाली दडवून, रविवारी सकाळी कवडी पाटावर उभे.

कवडी पाट म्हणजे पुण्याहून सोलापूर रस्त्याने जाताना लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. पुण्याचं सांडपाणी, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या सगळं इथे येऊन अडकतं आणि हिवाळी पाहुणेही नेमके इथेच उतरतात. नाकाला रुमाल लावून चक्रवाक पाहायचे, ही खास पुणेरी चैन.

धोबी पक्षी मात्र वेळेवर आले. सप्टेंबर सरता सरता पहिला दिसला. बंधाऱ्यावरून उतरणाऱ्या फेसाच्या कडेला, ओल्या दगडावर. दोन पावलं चालायचा, शेपूट चारदा खालीवर, मग एकदम उसळी मारून हवेतला किडा टिपायचा. पोट पिवळं, म्हणून नवखा माणूस त्याला हटकून पिवळा धोबी म्हणतो आणि जुनं खोड त्याला हटकून दुरुस्त करतं, ‘करडा आहे, पाठ बघ.’ जाळं झटकणारे एक काका आमचा हा वाद ऐकत होते. म्हणाले, ‘आमी तर परीटच म्हंतो. आला की थंडी पडती.’ थंडी काही पडली नाही. परीट आले आणि त्यांच्यामागून पुन्हा पाऊस.

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला तर जाऊन हात हलवत परतलो. उजनी काठोकाठ. रोहित पक्षी उतरतात ते पाणी ओसरून चिखल उघडा पडला की; गुडघाभर पाण्यात चोच उलटी बुडवून त्यांना अन्न गाळायचं असतं. इथे काठावरच्या बाभळीच कमरेएवढ्या पाण्यात. नाववाला प्रामाणिक निघाला, ‘दोन महिन्यांनी या’ म्हणाला. गर्दी करून रोहितांचे फोटो काढणाऱ्यांची यंदा जिरली, याचं मला थोडं बरंही वाटलं, हे कबूल करतो.

मग पक्षी सप्ताह. 5 नोव्हेंबर हा पक्षी अभ्यासक लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून राज्यात सरकारी पातळीवर साजरा होतो. चितमपल्ली जूनमध्ये, पद्मश्री स्वीकारल्यावर दीड-दोन महिन्यांतच गेले. त्यांच्यामागचा हा पहिला सप्ताह. भाषणं नकोत असं ठरलं. त्याऐवजी शाळेतली दहा-बारा पोरं घेऊन संध्याकाळी पाटावर गेलो. पाणकणसाच्या बेटात धोबी झोपायला उतरतात, ते मोजायला.

सूर्य टेकला तसे धोबी चिव् चिव् करत, हेलकावे खात येऊ लागले. पाच, आठ, मग थवेच. साठाच्या पुढे मोजणी फिसकटली. पोरं एकमेकांवर ओरडली, पक्षी कणसांत शिरून गप्प झाले.

वहीत मी सवयीने ‘रूस्ट’ लिहिलं होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, म्हणजे काय? चितमपल्लींचा शब्द सांगितला. तिने माझा शब्द खोडून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रातनीवारा’. दुरुस्त करायला पेन्सिल उचलली होती, पण तोवर अंधार पडला.