दोनदा फिरवूनही कपडे ओलसर?

अमेरिकेत मुलाकडे चार महिने राहून आलेल्या कुणालाही विचारा, तिथे दोरीवर वाळत घातलेले कपडे क्वचितच दिसतात. वॉशरमधून निघाले की थेट ड्रायरमध्ये. पिळून झाल्यावरही एका खेपेच्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी सहज उरतं, आणि लिटरभर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६ युनिट ऊर्जा लागते. पण नुसतं तापवून भागत नाही. दमट हवा बाहेर जाऊन कोरडी आत आली नाही, तर कपडे नुसते वाफाळत बसतात. म्हणून ड्रायरच्या पाठीमागून ४ इंच व्यासाची नळी भिंतीबाहेर काढलेली असते. तीच तुंबते.

हवेबरोबर कपड्यांचे झिजलेले तंतू, म्हणजे लिंट, निघतात. बरंचसं जाळीवर अडकतं. जाळी ओढली की पिंजलेल्या कापसासारखा थर अखंड सुटून येतो. (कपडे कितीही रंगीत असोत, थर बहुधा करडाच!) निसटलेलं लिंट नळीत चिकटतं, वळणावर जास्तच. तिथल्या बांधकाम नियमांत नळीची लांबी सहसा ३५ फुटांपर्यंतच चालते, आणि साध्या काटकोनी वळणामागे त्यातून ५ फूट वजा होतात. चुण्यांची फॉइलची नळी स्वस्त पडते खरी, पण प्रत्येक चुणीत लिंट बसतं. गुळगुळीत धातूचीच नळी घ्यावी. जोडाला स्क्रू मारू नये. त्याचं आत आलेलं टोक लिंट धरून ठेवतं.

सुटं लिंट झटकन पेट घेतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० धरल्या. कारणांत सफाईतली हयगय सगळ्यात पुढे. गॅसवरच्या ड्रायरची नळी तुंबली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. अशा ड्रायरची सफाई तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी.

विजेच्या ड्रायरचं काम घरी जमतं. प्लग काढून यंत्र पुढे ओढायचं, नळी सोडवायची, लांब दांडीचा ब्रश फिरवायचा आणि उरलेलं व्हॅक्यूमने ओढायचं. वर्षातून एकदा पुरे. कपडे वाळायला जास्त वेळ लागू लागला, तर त्याआधीच.

जाळीचीही परीक्षा घ्यावी. नळाखाली धरल्यावर पाणी आरपार न जाता वर साचलं, तर सुगंधी ड्रायर-शीटचा मेणचट थर बसलाय असं समजावं आणि साबण लावून ब्रशने घासावं. शेवटी ड्रायर चालू करून बाहेरची झडप पाहावी. ती नीट उचलली जात नसेल, तर अजून कुठेतरी लिंट अडकलेलं आहे, किंवा एखाद्या पाखराने आत घरटं केलंय.