विंचवाचे बिऱ्हाड

"त्याला ते ध्यान घराबाहेर काढायला लाव, मगच परत ये," अशी तंबी देऊनच ताईने मला विमानात बसविले होते. माझा भाचा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉन येथे शिकतो. कोणी कुत्रा पाळतो, कोणी पोपट. या पठ्ठ्याने वाळवंटातला विंचू पाळला आहे!

ताईला हसू नका. आमची धाकटी आत्या १९७४ साली महाडजवळच्या गावी विंचू चावून गेली. नऊ वर्षांची होती. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले आणि लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू शंभरात तीसच्या घरातून एकापर्यंत खाली आले. आमच्या घराला मात्र त्याला उशीरच झाला. आजी अखेरपर्यंत दिव्यावाचून मोरीत गेली नाही.

भाच्याच्या काचेच्या पेटीत वाळू आणि चिकणमाती यांचा वीतभर थर होता. निव्वळ वाळूत बीळ ढासळते, आणि बीळ नसले तर हा प्राणी झुरतो. मोकळ्या वाळवंटात तो आठ फुटांपर्यंत खोल जातो. दिवसा दर्शन नाहीच. रात्री भाच्याने दिवे मालवून अतिनील किरणांची छोटी विजेरी लावली, तो काय! बिळाच्या तोंडाशी चांगला पाच इंची विंचू हिरवागार उजळून निघाला. मी दोन पावले मागे सरलो.

"मामा, याचं विष मधमाशीच्या विषाइतकंच. इथला घातकी तो दुसरा, बारीक चणीचा. आपला लाल विंचूसुद्धा लहानच ना?"

"हातात घेतोस?"

"छे! नुसता बघायचा. आणि ही मादी आहे. पिलं जन्मली की हिच्या पाठीवर चढतात, पहिली कात टाकेपर्यंत उतरत नाहीत."

वीस वर्षे मी वर्गात 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण शिकवितो. बिऱ्हाड म्हणजे सामानसुमान, असे सांगत आलो. पिल्ले कधी मनातही आली नव्हती! (ती आईला खातात, असे आजी सांगे. तेही खरे नव्हे.)

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काढलंस का?"

"झाकण घट्ट आहे, ताई. मी दोनदा पाहिलं."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खातं काय ते?"

"आठवड्याला दोन रातकिडे."

"एवढंच?"